नोंदणीकृत ग्राहक

ठाकूरद्वार, गिरगाव
१४ जुलै २०२५

रुचा,

मायन्यात काय लिहायचं या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पत्र तुझ्या आईच्या नाशिकच्या पत्त्यावर टाकतेय. दर दिवाळीला त्या पत्त्यावर फराळाचा डबा जायचा, त्यामुळे पिनकोडसकट पाठ आहे.

काम आहे. कामाशिवाय लिहिलं नसतं. नीलने बजावलंय की घटस्फोट झाला, आता तिच्याशी संबंध ठेवायचा नाही. तुमचं दोघांचं काय बिनसलं ते मला ना त्याने सांगितलं ना तू, आणि मी विचारणारही नाही. तो बंगलोरला, तू नाशिकला, मी इथे. पण आता हा लॅपटॉप मध्ये आलाय.

माझा जुना कॉम्प्युटर मे महिन्यात गेला. माधवच्या दिवाळी अंकाचं टायपिंग दरवर्षी माझ्याकडे असतं, तुला माहीत आहे. ऑफिसातून रिटायर झाल्यापासून वर्षातले तेच तीन महिने मी कामाचं माणूस असते. म्हणून लालबागच्या त्या मोठ्या दुकानात जाऊन नवाकोरा लॅपटॉप घेतला. बिल करताना तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, या पत्त्यावर अकाउंट आहे ना. रुचा टिपणीस." तू फ्रिज घेतलास तेव्हाचं ते. मागे रांग होती, मी म्हटलं, त्यावरच घाला.

तर आता कंपनीच्या लेखी त्या लॅपटॉपची मालकीण तू आहेस. मी कुणी नाही.

आणि लॅपटॉप बिघडलेला आहे. चांगला चालता चालता मध्येच त्याचा 'न' अडकतो. मी 'तो निघाला' लिहिते आणि हा पुढे ननननन करत अर्धं पान भरतो. बंद करून चालू केला की तासभर शहाण्यासारखा वागतो, मग पुन्हा तेच. नीलला फोन केला तर म्हणतो, "आई, रिस्टार्ट कर." कंपनीला फोन केला तर आधी वीस मिनिटं पेटी वाजते, मग एक मुलगी हिंदीत म्हणते, "मॅम, आपकी परेशानी के लिए खेद है, रजिस्टर्ड नंबर पर ओटीपी गया है, वो बताइए." मी म्हटलं, तो नंबर माझ्या सुनेचा आहे, तोच मला सांगा म्हणजे मी तिला विचारते. तर म्हणे, ग्राहकाचा नंबर आम्ही कुणाला देऊ शकत नाही. मी म्हटलं, अहो, पैसे मी दिलेत! तर म्हणे, "सिस्टिम में आप नहीं हैं."

तुझा नंबर माझ्या फोनमध्ये होता. नीलने नवा फोन लावून दिला त्यानंतर तो दिसत नाही. कसा गेला ते नील सांगत नाही.

तेव्हा एवढंच कर. गुरुवारी २४ तारखेला सकाळी अकराला मी त्यांना फोन लावणार. तुझ्या मोबाईलवर आकडे येतील, ते लगेच मला पाठव. दहा मिनिटांत शिळे होतात म्हणे. माझा नंबर तोच आहे. आकडे आले नाहीत तर मी काय समजायचं ते समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही.

वृंदा टिपणीस


२५ जुलै

रुचा,

आकडे आले. अकरा वाजून काही मिनिटांनी, मागेपुढे एक अक्षर नाही, नुसते आकडे. पुरे झाले मला. आता तुझा नंबर माझ्याकडे आलाय, पण फोन करणार नाही. नुसते आकडे पाठवणाऱ्या माणसाला बोलायचं नसतं एवढं मला कळतं. पत्राला मात्र उत्तर द्यावंच लागत नाही, म्हणून लिहिते.

तक्रार नोंदली गेली. पण घरी येऊन नेण्याची सोय माझ्या योजनेत बसत नाही म्हणे, तेव्हा आज स्वतःच परळच्या सर्व्हिस सेंटरला नेला. जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेची इमारत आहे, तिथे चौथ्या मजल्यावर. खाली वॉचमनने बॅग उघडायला लावली, वर टोकन, टोकननंतर बाक. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरचा म्हणाला, "हां, दाखवा काय होतंय."

आणि त्या लबाडाने काही केलंच नाही! मी चार ओळी लिहिल्या, आठ लिहिल्या. देवळात आणलेल्या पोरासारखा गप्प. तो माणूस इंग्रजीत दोन वाक्यं बडवून म्हणाला, "मॅडम, सगळ्या कीज चालतायत." मी म्हटलं, बराच वेळ मराठी लिहिलं की होतं. तेव्हा तो काय म्हणाला ऐक. "मग मराठीमुळे होत असेल. लोकल लँग्वेज वॉरंटीत येत नाही."

चाळीस वर्षं मी महापालिकेत मराठी टायपिंग केलं, रुचा. मराठीमुळे यंत्र बिघडतं हे पहिल्यांदा ऐकलं.

शेवटी ठेवून घेतलाय. तपासून सांगतो म्हणाले. परत घेताना पुन्हा आकडे लागतील, तेव्हा मी मेसेज करीन. माधवने कथांचे दोन गठ्ठे आणखी पाठवलेत, ते इथे टेबलावर पडलेत.

वृंदा


१२ ऑगस्ट

रुचा,

हे पत्र मी रागात लिहितेय. शांत होऊन लिहावं म्हणून काल लिहिलं नाही, पण आजही तेवढाच राग आहे.

परवा लॅपटॉप परत मिळाला. तू आकडे पाठवलेस, मी सही केली. सोबतच्या कागदावर लिहिलंय, दोष आढळला नाही. घरी येऊन उघडला तर आत काहीच नाही. रिकामा! तपासायचा म्हणून त्यांनी सगळं पुसून टाकलं. माझा निम्मा अंक त्यात होता. पहिल्या गठ्ठ्यातल्या कथा पेन ड्राइव्हवर होत्या तेवढ्या बचावल्या. फोन केला तर म्हणतात, बॅकअप घेणं ही ग्राहकाची जबाबदारी. म्हणजे जबाबदारीच्या वेळी ग्राहक मी, एरवी तू.

संध्याकाळी लिहायला बसले. पान पुरं व्हायच्या आत ननननन.

पुन्हा तक्रार करायला फोन लावला, तर ती पोरगी गोड आवाजात म्हणते, "मॅम, आपली तक्रार क्लोज झालीय. ग्राहकाने समाधानी असल्याचं कळवलंय."

कुणी कळवलं? मी तर नाही. मग ग्राहक कोण उरतं? तुला हा त्रास नको असेल तर सरळ सांगायचंस. आकडे पाठवणं थांबवायचंस, मी समजले असते. पण मी इथे चौथ्या मजल्यावर चकरा मारतेय आणि तिकडे तू 'समाधानी असाल तर एक दाबा'चं बटण दाबून मोकळी होतेस, हे मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं.

आज सकाळी माधव स्वतः आला होता. खुर्चीवर बसलाही नाही. म्हणाला, "वृंदाताई, यंदा राहू द्या. डोंबिवलीला एक जण आहे, त्याच्याकडे देतो. तुम्हाला तरी किती ताण." गठ्ठे उचलले आणि गेला. मला ताण नकोच होता का, हे त्याने विचारलं नाही.

त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. अंक वेळेवर निघायला हवा. पण दार लावून मी आत आले तेव्हा टेबल इतकं मोकळं दिसलं की त्यावर उगाच वर्तमानपत्र पसरून ठेवलं.

आता आकडे पाठवायची गरज नाही.

वृंदा टिपणीस


नाशिक
१८ ऑगस्ट

आई,

दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नाही, म्हणून आईच.

मी कुठलंही बटण दाबलेलं नाही. कंपनीतून माझ्या मोबाईलवर तीन वेळा फोन आले, तेव्हा मी पेशंटबरोबर होते. फिजिओथेरपीच्या सेशनमध्ये मी फोन घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. तीनदा उचलला नाही तर ते लोक 'ग्राहक समाधानी' असं लिहून मोकळे होतात. मी काल त्यांच्याशी तासभर भांडून हे काढून घेतलं. तक्रार पुन्हा उघडून घेतली आहे.

आणि एक सांगते. तुम्ही लॅपटॉप घेतलात त्याच दिवशी मला मेसेज आला होता, "अभिनंदन रुचा, तुमचा नवीन लॅपटॉप!" मी तर काही घेतलं नव्हतं. सम्यक म्हणाला, फ्रॉड असेल, ब्लॉक कर. मग खाली लालबागचं दुकान दिसलं आणि कळलं की तुम्हीच असणार. मी ब्लॉक केलं नाही. तुमचं पत्र यायच्या आधीपासून वाट बघत होते की आता काहीतरी येईल. आकडे नुसते पाठवले कारण पुढे काय लिहायचं ते खरंच कळलं नाही. तीनदा लिहून खोडलं.

सम्यक कोण ते आता सांगायला हवं. आम्ही लग्न करतोय. नोव्हेंबरच्या शेवटी, इथेच, रजिस्टर पद्धतीने. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटत होतं, आणि पत्रात लिहायचं धैर्यही होत नव्हतं. तुम्ही चिडून लिहिलंत म्हणून लिहिता आलं.

लॅपटॉप बदलून द्यायचा तर मूळ ग्राहक ओळखपत्र घेऊन स्वतः हजर हवा, असं त्यांचं म्हणणं आहे. साड्यांच्या खरेदीला मी दादरला येणारच होते. तारीख सांगा. त्या चौथ्या मजल्यावर मी येते.

माधवकाकांचं वाचून फार वाईट वाटलं.

रुचा


२४ ऑगस्ट

रुचा,

पत्र मिळालं. मी तुझ्यावर उगाच तोंड टाकलं. त्या कंपनीवरचा राग हाताशी असलेल्या माणसावर निघाला.

लग्नाचं वाचलं. बरं केलंस. एवढंच लिहिते, कारण जास्त लिहायला बसले की वाक्य भलतीकडे जातंय. सम्यक काय करतो, स्वभावाला कसा आहे, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. तरी विचारतेय.

आता तारखेचं. बुधवारपासून गणपती. त्या दिवसांत परळ-लालबागकडे फिरकूसुद्धा नकोस. रस्ते बंद, बस वळवलेल्या, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दारावर आत्ताच पाटी लावलीय की अनंत चतुर्दशीपर्यंत सेवा मर्यादित राहील. जशी एरवी अमर्याद होती! मी काल पाटी वाचूनच परत आले. विसर्जनानंतरचा, १३ सप्टेंबरचा शनिवार ठेव.

आणखी एक. दुकानात माझ्या मागे रांग वगैरे काही नव्हती. त्या मुलाने तुझं नाव वाचलं, नाव बदलायचं का म्हणून विचारलंही. मी नको म्हटलं. आपल्या घराच्या पत्त्यावर तुझं नाव कुठेतरी अजून होतं, ते माझ्या हाताने पुसावंसं वाटलं नाही. त्याची शिक्षा ही अशी चौथ्या मजल्यावर भोगावी लागेल हे काय माहीत!

वृंदा


२९ सप्टेंबर

रुचा,

लॅपटॉप परवा आला. नवीन, सीलबंद. डिलिव्हरीच्या मुलाला आकडे हवे होते, ते तू दिलेसच. हे पत्र मी हातानेच लिहितेय, कारण त्याच्यावर माझा अजून भरवसा नाही. रोज दोन पानं लिहून बघते. अद्याप गप्प आहे.

१३ तारखेला तू सम्यकला घेऊन नाशिकहून पहाटेची गाडी पकडून आलीस. पितृपक्षात लग्नाच्या साड्या कुणी घेत नाही हे मला तू परळला समोर उभी राहिल्यावर आठवलं. म्हणजे तू नुसती माझ्या लॅपटॉपसाठी आली होतीस. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

त्या दिवशीचं सगळं तू पाहिलंस, पण त्या मॅनेजरशी भांडताना तुझी पाठ माझ्याकडे होती. मला काय दिसलं ते सांगते. आमच्या घरात होतीस तितक्या वर्षांत तुझा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. नील ओरडायचा आणि तू आत जाऊन दार लावून घ्यायचीस. मला वाटायचं, पोरीला बोलताच येत नाही. आणि त्या दिवशी तू त्या मॅनेजरला म्हणालीस, "दोष दिसला नाही, असं लिहून देताय ना? मग आम्ही इथे बसतो. दिसेपर्यंत बसतो. मी रजा टाकून आलेय." बाकावरचे सगळे लोक आपापली टोकनं विसरून बघायला लागले. तो सम्यक लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून उभा. मध्ये एक शब्द बोलला नाही. तुझं भांडण तुला पुरं करू दिलं त्याने. माझ्या मनात तो तिथेच पास झाला.

मग मॅनेजरने फॉर्म काढला आणि विचारलं, "मॅडम आपकी कौन?" तू फॉर्ममधून मान वर न करता म्हणालीस, "सासू." तुझ्या लक्षात तरी आलं का? त्याने सम्यककडे बोट केलं, "और ये?" तू म्हणालीस, "होनेवाले मिस्टर." बिचारा गोंधळला. सम्यकला म्हणतो, "तो आप इनके बेटे?" सम्यकचे कान लाल झाले, आणि तू पेन हातात धरून तशीच थांबलीस. कुणीतरी बोलायला हवं होतं. म्हणून मी म्हटलं, "बेटा बंगलोर में है. आप लॅपटॉप का देखो."

तिघंही हसलो ते त्याच्या चेहऱ्याला. मी हसले, पण रुमालही काढला होता. तू पाहिलंस का माहीत नाही.

आणि मग ते टायपिंग. मराठीत बराच वेळ लिहायला हवं तर काय लिहायचं, असा प्रश्न आला, तेव्हा तू म्हणालीस, "आई, तुम्ही टाइप करा, मी वालाच्या बिरड्याची कृती सांगते." अगं, किती चुकीची सांगितलीस! वाल भिजवल्यावर मोड येऊ द्यायच्या आधीच सोलायला घेतलेस. लसणीचा पत्ताच नाही. मी टाइप करत करत दुरुस्त्या करत होते आणि मॅनेजर आम्हाला वेड लागलंय की काय असा बघत होता. बिरडं झालं, मग सुक्या कोलंबीच्या सोड्यांची खिचडी झाली, मग खाजाची करंजी झाली. सम्यक खाली जाऊन वडापाव घेऊन आला, तो काउंटरवरच खाल्ला. मधल्या वेळात तू हळूच विचारलंस, "नील बरा आहे ना?" मी 'हो' म्हटलं आणि टाइप करत राहिले. त्या वेळी उत्तर द्यायला हात कामात होते ते बरं झालं.

तू पुन्हा बिरड्याकडे वळलीस आणि 'नारळाचं दूध' म्हणालीस, तेव्हा ते सुरू झालं. ननननननन. पानामागून पान. मी दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे, म्हणजे कुणी म्हणायला नको की मी दाबतेय. तू ओरडलीस, "या! बघा! या इकडे!" मॅनेजर धावला, तो मराठीला वॉरंटी नाही म्हणणाराही धावला. बाकावरच्या एका आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या, त्यांच्या प्रिंटरचं अजून काही झालं नव्हतं तरी.

एवढं होऊनही मॅनेजर म्हणतोच, "मॅडम, कधी कधी होतं असं." माफी नाही, काही नाही. बदली मंजूर असा शिक्का मात्र मारला.

माधवचा अंक गेला तो गेलाच. परवा त्याने फोन करून विचारलं, मशीन आलं का. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. मी म्हटलं, बघू. आता सकाळी काय करायचं हा प्रश्न आहेच, तो काही कंपनीने बदलून दिलेला नाही. लॅपटॉप चालतोय ना हे बघायला रोज दोन पानं लिहायचीच असतात, तर आपल्या घरातल्या कृती लिहायला घेतल्यात. तू सांगितलेल्या चुकांपासून सुरुवात केली.

नीलला मी काल सांगितलं. तुझ्या लग्नाचं, परळचं, पत्रांचंही. मग म्हणाला, "तू तिला पत्रं लिहितेस?" मी म्हटलं, हो. "मला सांगितलं नाहीस." मी म्हटलं, तू तरी तिचा नंबर काढताना मला कुठे सांगितलंस? फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाला, "ती बरी दिसते का?" मी म्हटलं, बरी दिसते, आणि भांडायला शिकलीय. त्यावर तो हसला की काय झालं ते मला नीट कळलं नाही, बंगलोरची रेंज. पण पुढे म्हणाला, "जा तू लग्नाला." मी त्याला विचारलं नव्हतं. तू परळला तारीख सांगून 'याच' म्हणाली होतीस, मी जाणारच होते. पण तो म्हणाला ते बरं वाटलं.

आता तुझ्या आईचा प्रश्न आहे. आधीच्या सासूला लग्नात कुठे बसवायचं, याचा त्यांना संकोच वाटला तर मी समजू शकते. मला पहिल्या रांगेत बसायचं नाही. पंख्याखाली एक खुर्ची दिली की झालं. पाहुणे विचारतीलच, या कोण. परळला जे सांगितलंस ते पुन्हा सांगायचं की दुसरं काही, ते तू आणि सम्यक ठरवा. मी तुम्ही म्हणाल त्याला मान हलवीन.

दादरहून नाशिकच्या बसचं तिकीट काढलंय, लग्नाच्या आदल्या दिवशीचं. ऑनलाइन काढलं, माझ्या स्वतःच्या नावाने, माझ्या स्वतःच्या नंबरवर. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तिकीट कुठल्याही कारणाने रद्द होणार नाही आणि तक्रार असल्यास ग्राहक सेवा केंद्राशी संपर्क साधावा. पुन्हा कुणा ग्राहक सेवा केंद्राला फोन लावायची ताकद माझ्यात उरलेली नाही. तेव्हा मी येतेय.

वृंदा